तुपाची लोटी आणि माझी कोपरं

पंगतीत माणसाच्या हातात काय दिलं आहे, त्यावरून त्याची समाजातली जागा कळते, असं माझं प्रामाणिक मत आहे. मीठ आणि लिंबू शाळकरी मुलांकडे. पाणी होतकरू तरुणांकडे. भाजी-कोशिंबीर ज्यांची लग्नं झाली आहेत पण ज्यांना अजून कोणी 'राव' म्हणत नाही त्यांच्याकडे. वरण वाढणारा भरवशाचा लागतो, कारण ते कोणाच्या पायावर सांडलं तर पुढची दोन वर्षं मंडळात तोच विषय चालतो. तूप मात्र ऐऱ्यागैऱ्याला देत नाहीत. जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळात तुपाची लोटी सलग बावीस वर्षं माझ्या हातात होती.

मी नीलकंठ टेंबे. लष्करी सामानाच्या एका मोठ्या फॅक्टरीत स्टोअरचा सुपरवायझर. मागणीच्या कागदाला आमच्याकडे इंडेंट म्हणतात. इंडेंटवर पाच बोल्ट लिहिले असतील तर पाच मिळतात. सहावा बोल्ट माझ्याकडून प्रत्यक्ष जनरल मॅनेजरलाही मिळालेला नाही. हीच शिस्त मी तुपात आणली. भाताच्या मुदीवर बरोबर मध्यभागी, बारीक धारेनं, पहिल्या पानाला जेवढं तेवढंच एकशे साठाव्या पानाला. बावीस वर्षांत तूप एकदाही कमी पडलं नाही. शेवटची पंगत उठली की मी लोटी सेक्रेटरींच्या पुढे नेऊन ठेवायचो आणि तिच्यात दरवेळी काही ना काही शिल्लक असायचं.

एकाहत्तरच्या पावसाळ्यात माझ्या दोन्ही कोपरांवर रुपयाएवढे लाल चट्टे उठले. त्यांच्यावर चंदेरी कोंडा धरायचा आणि खाजवलं की पापुद्रे गळायचे. मी लक्ष दिलं नाही. तेव्हा पूर्वेकडून लढाईचे ढग येत होते, फॅक्टरीत दोन-दोन पाळ्या चालू होत्या आणि कोपर ही आपल्याला स्वतःला न दिसणारी जागा आहे. विभावरी, म्हणजे माझी पत्नी, माझ्या खुर्चीखालचा केर काढताना एवढंच म्हणायची की घरात रंधा मारणारा सुतार ठेवला असता तरी इतका भुसा पडला नसता.

गणपतीच्या महाप्रसादाला मी नेहमीप्रमाणे बाह्या वर सारून स्वयंपाकघरात गेलो. लोटीला हात घालणार तेवढ्यात मंडळाचे सेक्रेटरी भय्यासाहेब आले. भय्यासाहेब आमच्या शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहतात, माणूस सज्जन, पण कोणतीही गोष्ट सरळ सांगण्यापेक्षा नर्मदेला वळसा घालून यायची सवय. ते म्हणाले, "टेंबे, ह्या वेळी तुम्ही बसून घ्या. किती वर्षं वाढून राहिले. श्रीकांतला शिकू द्या जरा." हे बोलताना त्यांची नजर खाली वळली. मीही त्यांच्या नजरेच्या मागोमाग खाली पाहिलं, आणि तिथे माझं कोपर होतं.

बावीस वर्षांत पहिल्यांदा मी पहिल्या पंगतीला पाटावर बसलो. श्रीकांत हा रेल्वेतला सव्वीस वर्षांचा कारकून. त्यानं माझ्या भातावर तूप ओतलं ते मुदीवरून उतरून कोशिंबिरीत गेलं. हा काय प्रकार, म्हणून मी दोन्ही बाजूंना पाहिलं. कोणाच्या चेहऱ्यावर निषेध नव्हता. सगळे खाली मान घालून जेवत होते. मला वाटलं, माझ्याबद्दलच्या सहानुभूतीनं लोक गप्प आहेत.

त्या रात्री मी विभावरीला सांगितलं की लोक माझ्या हातचं खायला घाबरतात. तिनं विचारलं, कोण म्हणालं असं? मी म्हटलं, अशा गोष्टी कोणी म्हणत नसतं. ती म्हणाली, मग भय्यासाहेबांना सरळ विचारा, मधे एक भिंत तर आहे. पण विचारायचं कसं? ज्या माणसानं बावीस वर्षं तूप वाढलं त्यानं शेजाऱ्याच्या दारात उभं राहून 'माझी लोटी का काढली' म्हणून विचारायचं? मी ठरवलं की विचारायचं नाही. संक्रांतीला मंडळाची पुढची मोठी पंगत होती. तोपर्यंत कोपरं स्वच्छ करायची, बाह्या वर सारून भय्यासाहेबांच्या पुढे उभं राहायचं, आणि लोटी परत घ्यायची.

पहिल्यांदा मी फॅक्टरीच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या कंपाउंडरनं माझ्या कोपराकडे लांबूनच पाहून दादेचं, म्हणजे गजकर्णाचं, मलम दिलं. ते इतकं झोंबायचं की लावल्यावर मी दोन्ही हात पंखासारखे पसरून घरभर फिरायचो. पंधरा दिवसांत कोपरांचे चट्टे जास्तच लाल झाले आणि गुडघ्यांवर दोन नवीन उठले. मग बाहेरच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवण्याचा अर्ज भरला. अर्जात रोगाचं नाव लिहायचं होतं. रोगाचं नाव कळावं म्हणूनच मला तज्ज्ञाकडे जायचं होतं. दवाखान्याचा बाबू म्हणाला, "नाम के बिना फाइल कैसे चलेगी, टेंबेजी?" मी स्वतः वीस वर्षं लोकांचे अर्धवट इंडेंट परत पाठवले आहेत, त्यामुळे मला त्याचा राग आला नाही. उलट माणूस कामाचा वाटला. अर्ज तीनदा खाली-वर झाला. दुसऱ्या खेपेला 'रोग ड्यूटीमुळे झाला काय' ह्या रकान्यापुढे मी 'सांगता येत नाही' लिहिलं म्हणून तो सेफ्टी विभागात गेला, आणि तिथून एक माणूस येऊन माझ्या टेबलाची उंची मोजून गेला.

ह्या काळात सल्ल्यांना तोटा नव्हता. आपल्याकडे माणसाला ताप आला तर लोक डॉक्टरचं नाव सांगतात, पण कातडीला काही झालं की प्रत्येकजण स्वतःच डॉक्टर होतो. माझ्या हाताखाली स्टोअरमध्ये गणपत नावाचा भंडाऱ्याकडचा माणूस होता. त्यानं करंजाचं तेल आणि ग्वारीघाटावरची नर्मदेची माती सांगितली. एका रविवारी मी घाटावर कोपरं आणि गुडघे लिंपून बसलो. पुलाखालून येणाऱ्या एका बाईनं मला तपस्वी समजून समोर दोन केळी ठेवली. ती परत करताना माझी फार ओढाताण झाली. मातीनं बरं वाटलं, पण ते माती वाळेपर्यंतच.

मग होमिओपॅथ झाले. त्यांनी माझी आई-वडिलांपासूनची माहिती घेतली, मला स्वप्नात पाणी दिसतं का विचारलं, आणि साबुदाण्याएवढ्या गोळ्या देऊन सांगितलं, "पहले बढ़ेगा, फिर घटेगा." भाकिताचा पहिला भाग अगदी बरोबर निघाला. त्यानंतर वैद्यबुवा. त्यांनी मीठ, आंबट, वांगं, दही बंद केलं आणि रोज सकाळी अनशापोटी एक औषधी तूप प्यायला दिलं. ते कडुलिंबाहून कडू होतं. जो माणूस तुपासाठी एवढा झुरत होता त्याच्या नशिबी देवानं हे तूप लिहिलं, ह्यावर मी पुष्कळ विचार केला. दीड महिन्यात माझं वजन चार शेरांनी उतरलं, चट्टे मात्र होते तेवढेच राहिले. अळणी जेवणामुळे घरात जी शांतता पसरली होती तिला विभावरी पथ्य म्हणत नव्हती, सुतक म्हणत होती.

नोव्हेंबरात अर्ज मंजूर झाला. बाबूनं रोगाच्या नावापुढे स्वतःच्या जबाबदारीवर 'अन्य' असं लिहिलं होतं. तज्ज्ञ म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्यात राहणारे निवृत्त लष्करी डॉक्टर. सगळे त्यांना कर्नलसाहेब म्हणत. त्यांनी माझ्या कोपराला हात लावला. चांगला अंगठा दाबून, नखानं कोंडा खरवडून पाहिलं, आणि मग हात न धुता तसाच पुढे करून म्हणाले, बसा. गेल्या तीन महिन्यांत मला परक्या माणसानं हात लावला नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं. मी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

कर्नलसाहेबांनी रोगाचं नाव सांगितलं: सोरायसिस. मी तो शब्द लिहून घेतला, बाबूला देण्यासाठी. तो कोणापासून कोणाला लागत नाही, घाणीनं होत नाही, वांग्यानं तर नाहीच. कातडी जी महिन्यात नवीन व्हायची ती आठवड्यात होऊ लागते आणि जुनीला गळायला वेळ मिळत नाही, म्हणून थर साचतात. मुळापासून जात नाही, पण दाबून ठेवता येतो. मी कागद-पेन्सिल घेऊन विचारलं की एकूण उपाय किती आहेत. ते म्हणाले, पोटात घ्यायच्या जालीम गोळ्या आहेत, पण त्या चार चट्ट्यांसाठी नाहीत. एक नवीन विलायती क्रीम आहे, आठ दिवसांत चट्टा घालवतं आणि सोडलं की दुप्पट परत आणतं. तुमच्यासाठी जुनाच उपाय: रात्री डांबराचं मलम, सकाळी ते पुसून दहा-पंधरा मिनिटं कोवळं ऊन, आंघोळीनंतर खोबरेल, आणि काळजी कमी. मी विचारलं, संक्रांतीपर्यंत जाईल का? ते हसले. म्हणाले, "जाएगा भी, आएगा भी. इसके साथ जीना सीखिए, टेंबे साहब." आणि त्यांनी महिन्यानं परत बोलावलं.

मला हे पटलं नाही. ज्याच्याबरोबर राहायचं त्याच्याशी निदान ओळख तरी असावी लागते. पण मलम घेतलं. औषधवाल्यानं ते काळं, चिकट मलम मोठ्या काचेच्या बरणीत भरून दिलं. त्याला नव्यानं केलेल्या सडकेचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी फॅक्टरीच्या गेटवर झडती घेणाऱ्या शिपायानं माझ्याभोवती दोनदा हुंगून मला बाजूला उभं केलं, आणि ज्वालाग्राही पदार्थ म्हणून काय काय मनाई आहे त्याची पाटी मोठ्यानं वाचून दाखवली. ती पाटी मीच स्टोअरमधून दिली होती.

तीन डिसेंबरला लढाई सुरू झाली. आता ब्लॅकआउट आला, भोंगे आले, खंदक आले आणि भय्यासाहेबांच्या दंडावर नागरी संरक्षणाची पट्टी आली. आमच्या क्वार्टरांच्या रांगेचे ते वॉर्डन झाले. मी पाळ्या आणि रजा सांभाळून रोज सकाळी दहाला क्वार्टरच्या गच्चीवर जायचो. अर्धी चड्डी, अंगाला पुसूनही राहिलेली मलमाची चमक, शेजारी गजराचं घड्याळ आणि मलमाची बरणी. सात मिनिटं पालथा, सात मिनिटं उताणा, एक मिनिट उठायला. वरून फॅक्टरीची धुराडी दिसायची आणि लढाईतल्या शहरावर इतकं सुंदर ऊन पडतं ह्याचं मला नवल वाटायचं.

लढाईच्या चौथ्या दिवशी घड्याळाच्या आधीच जिन्यात पावलं वाजली. भय्यासाहेब, मागे दोन स्वयंसेवक, त्यांच्या मागे अर्धी रांग. कोणीतरी तक्रार केली होती की गच्चीवर एक उघडा इसम रोज ठरलेल्या वेळी आकाशाकडे तोंड करून पडतो, त्याचं अंग उन्हात चमकतं आणि तो दर सात मिनिटांनी कूस बदलतो. शत्रूच्या विमानाला ही खूण असू शकते, असं तक्रार करणाऱ्याचं म्हणणं. भय्यासाहेबांनी मला ओळखलं, पण ते ड्यूटीवर होते. त्यांनी डायरी उघडून माझं नाव विचारलं. बावीस वर्षं शेजारी राहणाऱ्या माणसाला मी अर्ध्या चड्डीत उभा राहून नाव, वडिलांचं नाव आणि पत्ता सांगितला. पत्त्यावर ते जरा थबकले, कारण आम्ही त्याच पत्त्यावर उभे होतो. व्यवसायापुढे त्यांनी 'सूर्यस्नान' लिहिलं.

त्याच वेळी विचारायला हवं होतं. लोक उतरून गेले होते, आम्ही दोघंच होतो. पण मी टॉवेल शोधत होतो आणि ते भलतीकडेच, माझ्या बरणीकडे, पाहत होते. ते म्हणाले, बडा फुहाऱ्याच्या बाजारात काळा कागद संपला, काळा रंग संपला, मंडळाच्या हॉलच्या अठरा काचा उघड्या आहेत, हे काळं थोडं द्याल का? मी आनंदानं कबूल झालो. मंडळासाठी माझं औषध उपयोगी पडणार, ह्याहून चांगली संधी कोणती? मी खाली जाऊन एका वाटीत तीन चमचे मोजून दिले. भय्यासाहेब वाटीत पाहत राहिले. म्हणाले, "ह्यात दीड काच होईल, टेंबे. हात जरा मोकळा सोडा की." मी आणखी अर्धा चमचा घातला. पुढे ती दीड काच लढाई संपेपर्यंत वाळली नाही. तिला चिकटलेल्या किड्यांमुळे ती बाकीच्यांपेक्षा जास्त काळी दिसायची, एवढं तिचं कौतुक मात्र झालं.

सोळा डिसेंबरला लढाई संपली. रेडिओभोवती सगळी रांग जमली, पेढे वाटले गेले, दिवे लागले. माझी कोपरं जशीच्या तशी होती. महिना झाला म्हणून मी बरणी घेऊन कर्नलसाहेबांकडे गेलो. त्यांनी आधी कोपर पाहिलं, मग बरणी उघडली. दोन आठवड्यांचं मलम महिन्यानंतर अर्ध्याहून जास्त शिल्लक होतं. मी अभिमानानं सांगितलं की अजून दीड महिना पुरेल. त्यांनी बरणीचं झाकण लावलं आणि विचारलं,

"टेंबे साहब, मरहम लगा रहे हैं कि दिखा रहे हैं?"

त्यांनी मलम लावणं माझ्याकडून काढून घेतलं आणि विभावरीला बोलावून तिच्याकडे दिलं. तिनं पहिल्या रात्री चार बोटं भरून मलम काढलं तेव्हा मी हात मागे घेतला. म्हटलं, अगं, एका कोपराला एवढं? ती म्हणाली, "तुम्ही तिकडं पहा. मी काय करून राहिले ते पाहू नका." मी भिंतीकडे पाहत बसलो. ती सावकाश, थापून, कडांपर्यंत मलम लावायची, वर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळायची. डांबराचा वास तिच्या हातांना लागला होता आणि त्याच हातांनी तिला पहाटे कणीक मळायची होती. मला तिच्यासमोर लाज वाटत होती आणि तिचा आधारही वाटत होता. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर असं काही वाटेल, ही माझी अपेक्षा नव्हती.

पंधरा दिवसांत पापुद्रे गळले. वीस दिवसांत लाली ओसरली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझी कोपरं, थोडी फिकट गुलाबी का होईना, पण कोपरांसारखी दिसायला लागली. त्या संध्याकाळी मी धुतलेला सदरा घातला, बाह्या खांद्यापर्यंत सारल्या आणि भिंतीपलीकडे जाऊन भय्यासाहेबांचं दार वाजवलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. मी काही न बोलता दोन्ही हात दुमडून कोपरं त्यांच्या पुढे धरली.

ते घाबरले. म्हणाले, "हे काय करून राहिले तुम्ही?"

मग मी सगळं सांगितलं. दादेचं मलम, नर्मदेची माती, कडू तूप, ऊन, डांबर. हा रोग लागत नाही असं कर्नलसाहेब म्हणतात आणि तसं लेखी आणून देतो म्हणालो. आता संक्रांतीला लोटी मला परत मिळायला हरकत नसावी, असंही म्हणालो. भय्यासाहेबांनी वर्तमानपत्राची घडी केली, ती पुन्हा उलगडली, पुन्हा घडी केली. नर्मदेला वळसा घालायला त्यांना त्या दिवशी वाट सापडली नाही.

"टेंबे, कोपरांचं काय घेऊन बसले? कोपरं कोण पाहत होतं? मी तर लोटीकडे पाहत होतो."

मी म्हटलं, मग?

"लोक म्हणतात, टेंब्यांच्या हातचं तूप दिसते, लागत नाही. आज नाही, वीस वर्षांपासून म्हणतात. तुमचं मन कसं मोडायचं म्हणून कोणी बोललं नाही. पंगतीत माणूस पोटभर झालं की हात आडवा करतो, पुरे म्हणतो. तुम्हाला कोणी कधी म्हटलं का? आठवून सांगा."

मी आठवून पाहिलं. खरोखर कोणी म्हटलं नव्हतं. माझं माप इतकं अचूक आहे की कोणाला पुरे म्हणावंच लागत नाही, असा मी बावीस वर्षं त्याचा अर्थ लावला होता. भय्यासाहेबांच्या पत्नीनं चहा आणला. तो मी प्यायलो, थँक्यू म्हटलं आणि घरी आलो. चार महिने मी भलत्याच रोगावर औषध घेत होतो, हे विभावरीला सांगायला मला जेवण होईपर्यंत वेळ लागला. ती हसली नाही. तिनं हसायला हवं होतं, म्हणजे मला रागावता आलं असतं. दोन दिवसांनी मी स्टोअरमध्ये गणपतला, सहज विचारतो आहे अशा आवाजात, विचारलं की माझा हात आखडता आहे का रे. तो हातातला स्पॅनर पुसत राहिला. मग म्हणाला, "साहेब, राग नका येऊ देऊ. तुमच्याकडून पाच बोल्ट घेताना असं वाटते का तुम्ही आपल्या अंगातले काढून देऊन राहिले."

मी रागावलो नाही. मला फार वाईट वाटलं. चट्टे लोकांना दिसतात म्हणून मी एवढा लपत होतो, आणि लोकांना दिसत होतं ते दुसरंच, जे मला कधी लपवावंसंही वाटलं नव्हतं. रोगाला निदान मलम असतं. त्याच आठवड्यात, काळजी कमी करा हा सल्ला न पाळल्यामुळे असेल, उजव्या कोपरावर नवीन चट्टा उठला. विभावरी मलम घेऊन आली. मी तिला म्हटलं, भरपूर लाव.

संक्रांतीच्या पंगतीला मी पाहुणा म्हणूनच जाणार होतो. त्या वर्षी मंडळानं लष्करी दवाखान्यातल्या हिंडत्या-फिरत्या झालेल्या चाळीस जवानांना जेवायला बोलावलं होतं. कोणी कोल्हापूरकडचा, कोणी साताऱ्याचा, दोघं-तिघं गढवाली. कोणाचा हात गळ्यात, कोणाच्या काखेत कुबडी. पानं मांडली, भात पडला, वरण पडलं, आणि श्रीकांतचा पत्ता नव्हता. कटनीकडे मालगाडी घसरली म्हणून त्याला स्टेशनवरून सोडलंच नव्हतं. भय्यासाहेब दारापर्यंत तीनदा जाऊन आले. चौथ्यांदा ते सरळ माझ्याकडे आले आणि त्यांनी लोटी माझ्या पुढे धरली. मी पाटावरून उठलो आणि बाह्या वर सारल्या.

पहिल्याच पानावर एक मिसरूड फुटलेला जवान बसला होता. डाव्या हाताला कोपरापासून प्लास्टर. त्यानं माझ्या कोपराकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, तुम्हाला पण लागलंय?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "माझं आपलं येतं-जातं."

त्यानं मान हलवली, जणू हे त्याला पूर्ण समजलं, आणि भाताची मूद उजव्या हातानं नीट केली. मी लोटी तिरपी केली. धार बारीकच आली. बावीस वर्षांची सवय होती, मनगटाला दुसरं काही येतच नव्हतं. मी तिथेच थांबलो. मागे पाणीवाला खोळंबला, भय्यासाहेब पाहत होते, तीही जाणीव मला होती. मनगट वळवायला मला जेवढा जोर लागला तेवढा मी कधी स्टोअरमधल्या लोखंडालाही लावला नव्हता. तूप मुदीवरून उतरलं, वरणात गेलं, चटणीपर्यंत पोचलं.

जवानानं हात आडवा धरला. तूप त्याच्या बोटांवर पडलं.

"पुरे, काका," तो म्हणाला. "पुरे."

मला अगदी स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी मी अजून थोडं वाढलं.